रविवारचं बॉनेट

पिपलानी, भोपाळ
१६ नोव्हेंबर १९८६

ती. सिंधूवहिनी,

साष्टांग घालायला हवा, पण कंबर धरलीय, तेव्हा नमस्कार उभ्यानेच करतो. दिवाळीला आलो नाही म्हणून तुम्ही रागावला असाल. रागवा, पण माझ्यावर नको, दादांनी मला दिलेल्या गाडीवर रागवा. बॅग भरली, टाकी भरली, सकाळी निघालो आणि सीहोरही आलं नव्हतं तोच तापमानाचा काटा लाल घरात. बॉनेट उघडलं तर भसाभस वाफ. हेडचं पॅकिंग पुन्हा गेलं होतं. रस्त्यात तीनदा पाणी ओतत कसाबसा परत आलो.

पॅकिंग म्हणजे काय ते विचाराल, म्हणून आधीच सांगतो. इंजिनाचं धड खाली, डोकं वर, आणि दोघांच्या मधे एक पातळ पत्रा. आग, तेल आणि पाणी यांना तो आपापल्या जागी ठेवतो. तो फुटला की तेल बाहेर गळतं, पाणी तेलात शिरतं आणि तेलाचं ताक होतं. यंदा हे असं बऱ्याचदा झालंय.

पण वैद्यांची कमी नाही. आमच्या कारखान्याच्या कॉलनीत रविवारी सकाळी कुणी बॉनेट उघडलं की माणसं बोलवावी लागत नाहीत, आपोआप येतात. पहिले येतात ते तिवारीजी, ट्रान्सफॉर्मर विभागाचे. बनियनवरच. त्यांचं मत, बोल्ट ढिले राहतात. मग कुट्टी, टर्बाइनवाला, केरळचा. त्याचं मत बरोबर उलटं, बोल्ट फार आवळले जातात. आणि देवपुजारी, आपला नागपूरचा, स्टोअर्समधला. तो म्हणतो, "पॅकिंगच खोटं आहे ना बाप्पा! बाजारात सारा नकली माल." तिघांचं भांडण जुंपतं, मी चहा करतो, दुपारपर्यंत नवं पॅकिंग बसतं. पंधरा दिवसांनी पुन्हा गळतं.

तेव्हा यंदा माफ करा. गाडी धड झाली की येतोच.

तुमचा
अनंत

*

रामबाग, इंदूर
२५ नोव्हेंबर १९८६

चि. अनंतभावजी,

आशीर्वाद शेवटी देईन, आधी भांडण.

पाडव्याला संध्याकाळपर्यंत मी फाटकाकडे बघत होते. हॉर्न वाजला की उठायची. एकदा तर दुधाच्या टेम्पोसाठी उठले. पोटच्या पोराला, हेमंतला, बडोद्याहून सुट्टी मिळाली नाही, ते मला आधीच माहीत होतं, पण तुमचा भरवसा होता. अनारसे शेवटी शेजारच्या नलिनीबाईंकडे पाठवले. त्यांच्या घरात खाणारी तोंडं आहेत.

आणि काय हो, एका अंगणात इतके इंजिनियर, नि एक पत्रा बसवता येत नाही? अख्ख्या देशाला वीज कशी पुरवता म्हणते मी! तुमचे दादा असते तर पोट धरून हसले असते.

मला त्यातलं कळत नाही, पण स्वयंपाकघरातलं एक सांगते. माझ्या कुकरचं झाकण मोरीत पडलं होतं. नंतर वाफ जायला लागली. मी रिंग बदलली, पुन्हा बदलली, पुन्हा बदलली. वाफ फुसफुसतेच आहे. मग भांडीवाल्याने झाकण ओट्यावर पालथं घातलं, तर ते एका बाजूने डुगडुगत होतं. झाकणच वाकलं होतं, रिंग बिचारी काय करणार? तुमच्या गाडीचं तसं काही नाही ना झालेलं?

आणि गाडी नसेल तर बसने या. मी गाडीला बोलावलं नव्हतं, तुम्हाला बोलावलं होतं. वरची खोली झाडून ठेवली आहे. लोक काय म्हणायचं ते म्हणोत, मी सासष्ट वर्षांची आहे.

आता आशीर्वाद.

वहिनी

*

पिपलानी, भोपाळ
२२ मार्च १९८७

ती. वहिनी,

तुमच्या शिव्या पोचल्या आणि आशीर्वादही. उत्तराला उशीर झाला. कारखान्यात मार्च म्हणजे तुम्हाला माहीत आहे, सगळा माल एकदम तपासणीला येतो. आणि आम्ही तपासणीवाले! आमच्याशी कुणी दोन शब्द बोलत नाही, कारण काल आम्ही त्याचंच काहीतरी नापास केलेलं असतं. कँटीनमध्ये मी बसलो की त्या टेबलावरची माणसं डबा गुंडाळतात.

रंगपंचमीला येणार होतो. गाडीने दगा दिला. या वेळी तेल पुढच्या बाजूने गळत होतं. कुट्टीने टॉर्कचा पाना आणला, मधल्या बोल्टपासून सुरुवात करून बाहेर बाहेर, असं मोजून आवळलं. तिवारीजी मागे उभे राहून म्हणत होते, "अरे और कसो, और कसो, शादी का जोड़ है क्या जो टूट जाएगा?" हसून हसून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. रजनी गेली आणि घरात मी एकटाच उरलो, त्यानंतर या अंगणात मी असा हसलो नव्हतो.

देवपुजारी फेब्रुवारीअखेर निवृत्त झाला. कोलार रोडला प्लॉट घेतला होता, तिथे घर बांधलंय. तिथून इथवर यायचं म्हणजे अख्खं शहर ओलांडायचं. तरी म्हणाला, "रविवार चुकवणार नाही." मागच्या रविवारी स्कूटरवरून आला, या रविवारी आला नाही.

तुमची तब्येत कशी आहे? गुडघ्याला तेल लावता का?

अनंत

*

रामबाग, इंदूर
२ एप्रिल १९८७

अनंतभावजी,

गुडघ्याची चौकशी केलीत, झाकणाची केली नाहीत. मी एक साधी गोष्ट विचारली होती, तिला तुम्ही सफाईने बगल दिलीत. लग्न होऊन या घरात आले तेव्हा तुम्ही चड्डीत होतात. तेव्हाही शाळा बुडवून पतंग उडवलात की अशीच माझ्या पायाची चौकशी करायचात, "वहिनी, दमलात का?"

यायचं नसेल तर तसं सांगा. भावाच्या पश्चात भावजयीकडे राहायचं ओझं वाटत असेल तर तेही सांगा. पण गाडीच्या आड लपू नका.

मी खोटं कशाला बोलू? मला एकटीने जेवायचा कंटाळा आलाय. एका माणसाचा स्वयंपाक म्हणजे स्वयंपाकच नव्हे. भात मूठभर लावला तरी उरतो, मग दुसऱ्या दिवशी तोच फोडणीला टाकायचा. गेल्या आठवड्यात ताप होता, दोन दिवस पेज पिऊन पडले होते. नलिनीबाईंना कळलंसुद्धा नाही, मीही सांगितलं नाही.

तुम्ही येत नाही, तर मीच येते. शाळांना सुट्ट्या लागल्या की बसला गर्दी होते, ती ओसरली की निघेन. तुमची ती गाडी आणि ते वैद्य मला बघायचेच आहेत.

सिंधूवहिनी

*

रामबाग, इंदूर
२७ मे १९८७

चि. अनंतभावजी,

सुखरूप पोचले. बसमध्ये खिडकी मिळाली. तुम्ही दिलेली केळी आष्ट्यापर्यंत संपली.

जे बघायचं ते मी बघून आले. रविवारी खिडकीत बसून भाजी निवडत होते. तिवारीजी आले, कुट्टी आले. देवपुजारीही आले म्हणे बऱ्याच दिवसांनी, माझ्या पाया पडले, गुणी माणूस आहे. तुम्ही चौघं त्या बॉनेटमध्ये डोकी घालून उभे होतात, नुसत्या पाठी दिसत होत्या. आणि तुमचा आवाज! घरात माझ्याशी चार दिवस "हो", "नको", "मीठ बरोबर आहे" एवढंच बोललात, आणि बाहेर असे तावातावाने भांडत होतात की रस्त्यावरचे लोक वळून बघत होते. मला फार बरं वाटलं, आणि मग माझीच मला लाज वाटली.

मी उगीच समजत होते की तुम्ही तिथे एकटे खितपत पडला आहात. तुमचं तिथे भरलेलं आहे. तुम्हाला तुमची माणसं आहेत. मी म्हातारी इथून हाका मारत बसले, आणि तुम्ही भिडेखातर कारणं देत राहिलात. आता बोलावणार नाही. मनापासून सांगते, रुसून नाही.

एक मात्र सांगू? रजनीचा चष्मा अजून खिडकीत आहे, काचा पुसलेल्या. पुसत जा तसाच.

आशीर्वाद.

वहिनी

*

पिपलानी, भोपाळ
६ सप्टेंबर १९८७

ती. वहिनी,

जूनमध्ये पत्र टाकलं, जुलैत टाकलं, तुमचं उत्तर नाही. गणपतीतसुद्धा नाही. खरंच बोलावणं बंद केलंत म्हणायचं. तेव्हा आता लपवून काय करू?

तुम्ही जे बघितलंत ते खरं, पण ते रविवारचं, तेही सकाळचं. बाकीचे दिवस तुम्ही होतात म्हणून कळले नाहीत. संध्याकाळी भोंगा होतो, हजारो सायकली फाटकातून बाहेर पडतात, मीही पडतो, घरी येतो, दिवा लावतो. मग दुसऱ्या दिवशीच्या भोंग्यापर्यंत माझ्या तोंडून शब्द फुटत नाही. एकदा शनिवारी दुकानात साबण मागताना घसा बसलेला निघाला. तुमच्याशीही बोललो नाही, कारण घरात बोलायची सवयच गेली आहे. तुम्ही ते मनाला लावून घेतलंत. तुम्ही आलात ते मला किती हवं होतं हे मी सांगायला पाहिजे होतं.

तुमच्या कुकरच्या झाकणाचं उत्तर आता देतो. वहिनी, झाकण वाकलेलंच आहे. मी तीस वर्षं तपासणीत काढली. पहिल्यांदा हेड उतरवलं त्याच दिवशी सरळपट्टी लावून बघितली, खालून उजेड दिसत होता. ते मशीनवर घासून सपाट केल्याशिवाय शंभर पॅकिंगं घातली तरी गळणारच.

कधी वाकलं तेही माहीत आहे. रजनीला इस्पितळात नेत होतो तेव्हा रेल्वेचं फाटक बंद होतं. जूनचं ऊन. एकामागून एक मालगाड्या. इंजिन बंद केलं तर पुन्हा सुरू होईल की नाही या धास्तीने मी ते चालू ठेवलं. पाणी कधीच उकळून गेलं होतं. काटा कुठे गेला ते मी बघितलंच नाही, मी तिच्याकडे बघत होतो. तिथून ती घरी आली नाही.

पुढे मी बॉनेट उघडलं ते नुसतं बघायला, आणि तिवारीजी आले. तोवर ते कधी आमच्या फाटकात आले नव्हते. मग कुट्टी, देवपुजारी. हेड घासून आणणं हे एका दिवसाचं काम. पण मग पुढच्या रविवारी काय उघडू? म्हणून मी गप्प बसलो. ती भली माणसं माझ्यासाठी सुट्टी घालवतात, हात काळे करतात, एकमेकांशी भांडतात, आणि मी त्यांना फसवतो आहे. याचा मला फार त्रास होतो.

आता त्यातही गळती लागली. देवपुजारी येत नाही. तिवारीजी ऑगस्टअखेर निवृत्त होऊन रीव्याला गेले, शेती बघायला. शेवटच्या रविवारी म्हणाले, "अनंतजी, मेरे जाने के बाद कसना मत छोड़ना." आता मी आणि कुट्टी.

रागावू नका. पत्र लिहा.

अनंत

*

रामबाग, इंदूर
१४ सप्टेंबर १९८७

चि. अनंतभावजी,

तुमची दोन्ही पत्रं आली होती. रोज उत्तर लिहायला घ्यायची आणि वाटायचं, कशाला त्यांच्या मागे पुन्हा टुमणं लावायचं? चुकलं माझं. आता दोघांनीही असं करायचं नाही.

फाटकाचं वाचून मी देवापुढे जाऊन बसले. कसली मोठी गोष्ट इतके दिवस पोटात ठेवलीत हो! तुम्ही तिच्याकडे बघत होतात, तेच बरोबर केलंत. मरो ते इंजिन.

पण कुट्टींना सांगून टाका. त्यांना चहाला बोलवायला गाडी कशाला मोडायला हवी? सरळ म्हणा, रविवारी या. येतील.

वहिनी

*

पिपलानी, भोपाळ
३ जानेवारी १९८८

ती. वहिनी,

तुम्ही म्हणालात तसं मी करून बघितलं. ऑक्टोबरात एका रविवारी बॉनेट न उघडता कुट्टीला चहाला बोलावलं. तो इस्त्रीचा शर्ट घालून आला. खुर्चीत ताठ बसला. मी ताठ बसलो. हवा थंड झाली यावर आमचं एकमत झालं. चहा पिऊन दहा मिनिटांत गेला. वहिनी, बायकांचं वेगळं असतं. पुरुषमाणसाला हातात पाना लागतो, त्याशिवाय जीभ सुटत नाही. पुढच्या रविवारी मी पुन्हा हेड उतरवलं आणि तो मळका पायजमा घालून धावत आला.

नाताळनंतर तोही गेला, पालघाटला, कायमचा. सामानाचा ट्रक भरून झाल्यावर हात धुवायला माझ्याकडे आला. मला राहवलं नाही. म्हटलं, कुट्टी, मला माफ कर, हेड वाकलेलं आहे, मला आधीपासून माहीत होतं.

त्याने आधी नळ बंद केला. मग हसायला लागला. म्हणाला, "अनंतजी, तीस साल टर्बाइन का फेस देखा है. आपका हेड देखके हमको मालूम नहीं पड़ेगा?"

म्हटलं, मग बोलला का नाहीस?

तर म्हणतो, तिवारीजींनाही माहीत होतं. पहिल्याच रविवारी त्या दोघांची नजरानजर झाली होती. देवपुजारी दुसऱ्या खेपेला बोलणार होता, की आनंद नगरात ओळखीचा खराद्या आहे, हेड घासून देईल, तर तिवारीजींनी त्याच्या बरगडीत कोपर मारलं. मी आत चहा करत होतो. मला वाटायचं की ते माझ्यासाठी येतात. कुट्टी म्हणाला, "घर में टीवी है, मिसेस है, दोनों बोलता है. हमको कौन पूछता है? तिवारीजी का तो बेटा दो साल से बात नहीं करता था." मला या तिवारीजींच्या मुलाचं काहीच माहीत नव्हतं. इतके रविवार त्यांच्या खांद्याला खांदा लावून उभा होतो, आणि एकदा विचारलं नाही.

म्हणजे चौघंही जाणते आणि चौघंही गप्प. बोल्ट ढिले की घट्ट यावरून घसा फोडून भांडत होतो आणि प्रत्येकाला माहीत होतं की बोल्टाचा काही संबंध नाही.

कुट्टी गेला. मग मी हेड काढून पिशवीत घातलं आणि आनंद नगरला नेलं. खराद्याने ते मशीनवर घासून आरशासारखं सपाट करून दिलं. आज रविवार, सकाळी एकट्याने बसवलं. बोल्ट मोजून आवळले. इंजिन सुरू केलं, खाली कोरा कागद पसरला, पायरीवर बसून बघत राहिलो. फाटकातून कुणी आलं नाही. समोरच्या क्वार्टरमध्ये नवी मंडळी आली आहेत, त्यांच्या घरातून रेडिओ ऐकू येत होता. कागदावर एक थेंब नाही, काटा मधोमध. इतकं चोख काम मी जन्मात केलं नसेल आणि मला हमसून हमसून रडू आलं.

मार्चअखेर मीही निवृत्त होतो. क्वार्टर सोडावं लागेल. सगळे विचारतात, कुठे जाणार? मी सांगतो, बघू.

वहिनी, तुम्ही म्हणाला होतात, आता बोलावणार नाही. ते खरं असेल तर मी काही म्हणणार नाही. पण गाडी आता कुठेही जाईल. माझ्याकडे सांगायला कारण उरलेलं नाही.

अनंत

*

रामबाग, इंदूर
९ जानेवारी १९८८

चि. अनंतभावजी,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा त्या कोपराशी पोचले आणि एकटीच मोठमोठ्याने हसले, इतकी की नलिनीबाई भिंतीवरून डोकावल्या. दुसऱ्यांदा हसू आलं नाही. मोठे बाप्ये चौघं, आणि "मला करमत नाही" एवढं एक वाक्य एकाच्याही तोंडातून निघालं नाही! शहाणे म्हणावं की काय म्हणावं तुम्हाला?

पण मी तरी काय वेगळं केलं? दिवाळीला या, रंगपंचमीला या. सण आहे म्हणून या. नुसतं या, असं मी कधी लिहिलं का? आता लिहिते. या.

मार्चची वाट बघू नका, एखाद्या शनिवारी येऊन वरची खोली बघून जा. तिवारीजींना रीव्याला एक पत्र टाका आणि मुलाची चौकशी करा, म्हणजे मधे गाडी न आणता एकदा तरी विचारपूस केली असं होईल. रजनीचा चष्मा गाडीच्या डिकीत टाकू नका, जवळ ठेवा, खोलीत खिडकी आहे.

आणि इथे येऊन त्या गाडीचं बॉनेट उघडावंसं वाटलं, तर खुशाल उघडा. बिघाड असलाच पाहिजे असं नाही. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. पण मी स्टूल घेऊन शेजारी बसेन आणि काहीतरी चुकीचं सांगेन, तेवढं मला जमेल. मग तुम्ही भांडा.

कधी निघणार ते कळवायची गरज नाही. मी घरीच असते.

सिंधूवहिनी